कृष्णेचा वरचा टप्पा: उतार, संगम आणि उलटे चढणारे पाणी

येरळाकाठ (धागाकर्ता)

2005 सालच्या महापुरात ब्रह्मनाळच्या थोडे अलीकडे येरळेच्या काठावर उभे राहून मी जे पाहिले, ते त्याआधी पुस्तकात वाचूनही मला फारसे पटले नव्हते. आमच्याकडे त्या दिवशी उघडीप होती आणि येरळेला स्वतःचे पाणी बेताचेच असणार, असा माझा समज होता. प्रत्यक्षात नदी दोन्ही काठांना लागली होती आणि तिच्यावरचे केंदाळ (जलपर्णी) संथपणे वर, म्हणजे उगमाच्या दिशेने, सरकत होते. बाभळीच्या फांदीत अडकलेला एक पुंजका माझ्या डोळ्यांदेखत सुटला आणि संगमाकडे जाण्याऐवजी खटावच्या वाटेला लागला. शेजारी उभे असलेले वयस्कर शेतकरी "किस्ना आत शिरलीया" एवढेच म्हणाले आणि गोठ्यातल्या म्हशी सोडवायला निघून गेले.

कृष्णेचा महाराष्ट्रातला प्रवास आपण सहसा उगम, धरणे आणि तीर्थक्षेत्रे या क्रमाने सांगतो. मला तो उतार आणि संगम यांच्या आधाराने सांगायचा आहे, कारण पुराचे पाणी कोठे चढते, किती दिवस थांबते आणि कोणाच्या दारात येते, हे पावसाइतकेच या दोन गोष्टींवर ठरते, असे माझे मत झाले आहे.

महाबळेश्वरच्या पठारावर जांभ्याचा जाड थर आहे आणि त्याखाली काळा बेसाल्ट. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी पिऊन घेतो. ते पाणी खालच्या चिकट, न झिरपणाऱ्या थरावर अडते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या एका ठिकाणी उगम पावतात, ही श्रद्धा या झऱ्यांच्या भूगोलावरच उभी आहे. यांतल्या पहिल्या तिघी पूर्वेच्या आणि उरलेल्या दोघी पश्चिमेच्या. अरबी समुद्र येथून सरळ रेषेत जेमतेम 64 किलोमीटरवर आहे. सावित्री कडा उतरून पोलादपूर, महाडमार्गे बाणकोटच्या खाडीत जाते, तर कृष्णा त्याच समुद्राकडे पाठ फिरवून सुमारे 1,400 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते.

पावसाचा फरकही असाच तीव्र आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पसरणीचा घाट उतरून वाईला येईपर्यंत तो त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी होतो. पुढे पूर्वेकडे आटपाडी, जतला पोहोचेपर्यंत तो पाचशेच्या आसपास येतो. म्हणजे कृष्णेला मिळणारे बहुतेक सगळे पाणी सह्याद्रीच्या एका अरुंद पट्ट्यात पडते आणि ते ज्यांच्या शिवारातून जाते, त्यांतल्या बहुतेकांना त्या पावसाचा थेंबही दिसत नाही.

आता उताराकडे येतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 718 मीटरवर आहे, कराड 566 च्या आसपास आणि सांगली 549 च्या. वाई ते कराड या टप्प्यात नदीकाठचा प्रदेश साधारण दीडशे मीटर उतरतो. कराडपासून सांगलीपर्यंत तेवढ्याच, किंबहुना वळणे मोजली तर त्याहून लांब वाटेवर, तो वीस मीटरही उतरत नाही. नदी आधी जिना उतरते आणि मग अंगणात येते. अंगणात सांडलेले पाणी जसे पसरते तशी कृष्णा कराडच्या खाली पसरते, वळणे घेते, गाळ टाकते. वाळवा, पलूस, मिरज भागातल्या मळीच्या काळ्या जमिनी आणि त्यांवरची वांगी ही त्या आळसाचीच देणगी आहे.

याच सपाट टप्प्यात संगमांची गर्दी आहे. वेण्णा बरीच वर, साताऱ्याजवळ माहुलीला मिळते. (तेथे छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे, विषयाला सोडून आहे, पण माहुलीचे नाव घेऊन तिचा उल्लेख टाळणे मला जमत नाही.) त्यानंतर उरमोडी आणि तारळी येतात. कराडला प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर भिडतात आणि एकत्र प्रवाह काटकोनात पूर्वेकडे वळतो. ब्रह्मनाळला उत्तरेकडून येरळा, सांगलीला लागून हरिपूरला पश्चिमेकडून वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. हरिपूर ते वाडी हे अंतर अगदी थोडे आहे आणि एवढ्यात सह्याद्रीवरून आलेल्या दोन भरलेल्या नद्या कृष्णेच्या उजव्या अंगाला येऊन धडकतात. सह्याद्रीवर पाऊस एकाच वेळी लागला की कृष्णा, वारणा आणि पंचगंगा एकाच वेळी फुगतात. मुख्य नदीची पातळी वर असली की उपनदीला आत शिरायला जागा मिळत नाही, तिचे पाणी मागे तुंबते. आणि उपनदीचा जोर मोठा असला की मुख्य नदीचेच पाणी अडते. यालाच आपण फुगवटा म्हणतो. येरळेत केंदाळ उलटे चढत होते ते यामुळे.

कोयना, वारणा आणि पंचगंगा या तीन खोऱ्यांतल्या जाणकारांनी यात भर घालावी, चुका दाखवाव्यात, अशी विनंती आहे.

हेळवाक

लेख आवडला, परंतु कोयनेला आपण एका वाक्यात संपवले, याची पाटणकर म्हणून नोंद करून ठेवतो.

महाबळेश्वरहून निघालेली कोयना कृष्णेसारखी पूर्वेकडे न जाता सुमारे 65 किलोमीटर सरळ दक्षिणेकडे वाहते. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार आणि पूर्वेला बामणोली-घेरादातेगडाची रांग अशा दोन भिंतींच्या मधल्या पन्हाळीतून तिला जावे लागते, आणि वाट सापडते ती थेट हेळवाकला. तेथे ती एकदम डावीकडे वळते आणि पाटणमार्गे कराडची दिशा धरते. नकाशावर हा काटकोन इतका स्वच्छ दिसतो, की लहानपणी आम्हाला तो कोणीतरी पट्टी लावून काढल्यासारखा वाटे. वळल्यानंतर केरा, मोरणा आणि वांग या नद्या तिला मिळतात.

या काटकोनाच्या अलीकडेच धरण आहे, आणि ही जागा का निवडली असेल ते जमीन पाहताच कळते: दोन डोंगररांगांमध्ये लांबच लांब दरी आणि तोंडाशी अरुंद जागा. धरणाची उंची सुमारे 103 मीटर, साठवण क्षमता 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट). शिवसागर जलाशय दरीच्या आकाराचाच आहे, लांबट आणि फाटे फुटलेला. तापोळ्याजवळ सोळशीचा फाटा, पलीकडे कांदाटीचा. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या गावांसाठी पाणी हाच रस्ता आहे. बाजार, दवाखाना, लग्नाचे वऱ्हाड, सगळे लाँचमधून. माझी आत्या त्या बाजूला दिली होती. धरणाआधी तिच्या माहेरच्यांना दरी उतरून, नदी ओलांडून पायी जाता येत असे; नंतर लाँचची वेळ गाठावी लागू लागली आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेले की धक्क्यापासून गुडघाभर चिखल तुडवत लाँचपर्यंत जावे लागे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपाचा उल्लेखही येथे हवा. जलाशयाच्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध जगभर ज्या उदाहरणांवरून अभ्यासला जातो, त्यांत कोयनेचे नाव आघाडीवर आहे.

आपल्या मुख्य मुद्द्याविषयी एक दुरुस्ती सुचवतो. कराडच्या संगमावर येणारे कोयनेचे पाणी आता निसर्गाच्या मर्जीवर येत नाही. धरण भरेपर्यंत वरच्या खोऱ्याचे पाणी अडून राहते आणि भरले की दरवाज्यांतून एकदम येते. केरा, मोरणा, वांग यांचे पाणी मात्र धरणाच्या खालचे आहे; दरवाजे बंद असतानाही कराडला कोयना फुगलेली दिसते, ती त्यांच्यामुळे. म्हणून संगमाचा विचार करताना नदीच्या आकारासोबत दरवाज्यांचे वेळापत्रकही विचारात घ्यावे.

गोवळकोट

हेळवाक यांच्या प्रतिसादाला जोडून चिपळूणकडची बाजू मांडतो, कारण कोयनेचे बरेचसे पाणी कराडला जातच नाही, ते आमच्याकडे येते.

शिवसागराचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवले आहे. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात ते पडते, पुढे कोळकेवाडी धरणात जमा होते, पुन्हा वीज निर्माण करते आणि अखेर वाशिष्ठीत सोडले जाते. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता 1,960 मेगावॉट आहे ती या उंचीच्या फरकामुळे. जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगद्याला तोंड पाडण्याचा प्रयोग, ज्याला लेक टॅपिंग म्हणतात, तेथे 1999 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा 2012 च्या एप्रिलमध्ये झाला. पश्चिमेकडे किती पाणी वळवावे यालाही मर्यादा आहे. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली होती.

याचा परिणाम असा, की कोकणातल्या इतर नद्या मार्चमध्ये खडक दाखवू लागतात तेव्हाही वाशिष्ठीला पाणी असते. महाबळेश्वरच्या पूर्व उतारावर पडलेला पाऊस बंगालच्या उपसागराऐवजी दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात जातो. आपण लेखात कृष्णेने अरबी समुद्राकडे पाठ फिरवल्याचे लिहिले आहे. तिच्या एका बहिणीला माणसाने खांदा धरून पुन्हा वळवले, असे मी त्यात जोडीन.

आणि तुंबण्याचा जो नियम आपण संगमाला लावला, तोच आम्हाला समुद्राच्या बाबतीत लागू पडतो. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण बुडाले तेव्हा घाटावरचा पाऊस, शहराच्या कडेने गाळाने उथळ झालेले पात्र आणि खाडीची भरती या सगळ्यांचा हिशेब एकत्र करावा लागतो. आमच्या गोवळकोटच्या धक्क्यावर उभे राहिले की भरतीच्या वेळी वाशिष्ठीचे पाणी वर चढताना रोज दिसते. त्याला महापूर लागत नाही.

येरळाकाठ

दोघांचेही आभार. कोयनेचे पाणी पश्चिमेला जाते हे ठाऊक असूनही कृष्णेचा नकाशा काढताना मी ते सोडून दिले, ही माझी चूकच आहे. आपण पाणलोटाची रेषा डोंगराच्या माथ्यावरून काढतो आणि डोंगराच्या पोटातून गेलेला बोगदा विसरतो.

कसबा_बावडा

पंचगंगेविषयी लिहिले जाईल म्हणून वाट पाहत होतो. दोन ओळींत उरकलेले पाहून लिहायला बसलो.

प्रथम बाहेरच्या वाचकांसाठी: महाबळेश्वरचे पंचगंगा मंदिर वेगळे आणि कोल्हापूरची पंचगंगा नदी वेगळी. आमची पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतली गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीला संगम आहे आणि तेथून पंचगंगा हे नाव सुरू होते. मात्र पाचही नद्या तेथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात, असा जो समज शाळेतल्या चित्रांमुळे झाला आहे, तो बरोबर नाही. तुळशी त्याच्या बरीच वर भोगावतीत मिसळलेली असते. प्रयागला डोळ्यांना दिसतात ते दोन प्रवाह.

या नद्यांची डोंगरातली खोरी एकमेकींना समांतर, अरुंद आणि खूप पावसाची आहेत. गगनबावड्याकडे आणि राधानगरीकडे जोर धरला की सगळ्यांना पाणी साधारण एकाच वेळी येते, त्यामुळे प्रयागला पातळी चढायला वेळ लागत नाही. आंबेवाडी आणि चिखली ही गावे त्याच बेचक्यात असल्यामुळे पुराच्या यादीत नेहमी पहिली असतात. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे हा आमच्याकडचा आणखी एक विषय आहे. पाणी ठरावीक पातळीला आले की ते आपोआप उघडतात. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतलेल्या या धरणाची क्षमता 8.36 टीएमसी आहे, म्हणजे कोयनेच्या बाराव्या हिश्शाएवढीही नाही, परंतु पावसाळ्यात "दरवाजा उघडला का?" हा प्रश्न कोल्हापुरात ज्या सुरात विचारला जातो, त्या सुरात कोयनेविषयी कोणी विचारत नाही.

आमच्या बावड्याजवळ राजाराम बंधारा आहे आणि पंचगंगेची पातळी तेथे मोजतात. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले होते. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे राज्यभर झाले, ते मूळचे या खोऱ्यातले. पावसाळ्यापूर्वी बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढून ठेवायचे आणि पाऊस ओसरला की घालायचे, इतकी साधी रचना. जूनमध्ये बरगे काढताना उशीर झाला तर त्यांत झाडे, ओंडके आणि केंदाळ अडकते आणि बंधारा स्वतःच एक छोटे धरण होतो. लहानपणी "बंधारा पाण्याखाली गेला" असे ऐकले, की शाळेला सुट्टी मिळण्याची शक्यता किती, हाच आमचा पहिला हिशेब असे.

उताराचा आपला मुद्दा पंचगंगेला जास्तच लागू आहे. कोल्हापूर सोडल्यावर ती इतकी वळणे घेते, की सरळ रेषेतले अंतर आणि नदीचे अंतर यांचा मेळ बसत नाही. त्यात शिरोलीजवळ महामार्गाचा भराव आडवा आला आहे. पुरात महामार्ग बंद पडतो याची बातमी होते. त्या भरावामागे पाणी किती तुंबते हे अलीकडच्या गावांना कळते.

शिरोळचा_रहिवासी

लेख अभ्यासपूर्ण आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु एवढे लांब लिहून कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचे नाव एकदाही येऊ नये, याचे आश्चर्य वाटले. आमच्या तालुक्याला कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांनी वेढले आहे. नद्या पूर्वीही होत्या, संगम पूर्वीही होते आणि पूरही येत होते. परंतु माझे वडील सांगत, की पाणी आले तसे दोन-तीन दिवसांत उतरत असे. 2005 आणि 2019 मध्ये ते आमच्या घरात आठवड्याहून अधिक काळ हलले नाही. संगम तर जागचे हलले नाहीत, मग बदलले काय? खाली राजापूर बंधारा आहे, त्याखाली कर्नाटकात हिप्परगी आणि त्याखाली अलमट्टी. पायरीपायरीने पाणी अडवलेले असताना सगळा दोष उतारावर आणि फुगवट्यावर टाकणे मला सोयीचे वाटते. शिवाय दुसऱ्या कृष्णा पाणीवाटप लवादाने 2010 मध्ये अलमट्टीची पातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत वाढवण्यास परवानगी दिली आहे, हेही वाचकांना माहीत असावे.

येरळाकाठ

आपला आक्षेप रास्त आहे आणि मी अलमट्टी जाणूनबुजून टाळले होते, हेही मान्य करतो. त्या नावाने सुरू झालेल्या चर्चेत नंतर भूगोल शिल्लक राहत नाही, असा अनुभव आहे. तरी आता विषय निघालाच आहे तर माझे मत मांडतो.

सांगलीपासून अलमट्टी नदीच्या वाटेने दोनशे किलोमीटरहून अधिक लांब आहे. शांत पाणी आडव्या रेषेत उभे राहते, असे धरून हिशेब केला तर 519.60 मीटरचे पाणी सांगलीच्या पात्रापर्यंत पोहोचत नाही. अलमट्टीचा संबंध नाही असे म्हणणारे येथेच थांबतात. मी थांबणार नाही, कारण पुरातले पाणी ताटातल्या पाण्यासारखे आडवे नसते. ते वरून खाली तिरके असते आणि खालची पातळी वाढली की त्या तिरकसपणावर काही अंतरापर्यंत परिणाम होतो. तो परिणाम कोठे संपतो, हा खरा वाद आहे. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला मुख्य कारण मानले नाही आणि अतिवृष्टी, तसेच पूरक्षेत्रातली बांधकामे यांवर बोट ठेवले. आपल्या तालुक्यातल्या अनेकांना तो निष्कर्ष मान्य नाही, हेही मला ठाऊक आहे.

माझा हिशेब वेगळ्या टोकाकडून सुरू होतो. नदीतून एक लाख क्युसेक (सेकंदाला एक लाख घनफूट) पाणी सलग चोवीस तास वाहिले, तर ते 8.64 टीएमसी होते. म्हणजे कसबा_बावडा यांचे अख्खे राधानगरी धरण एका दिवसात रिकामे झाले, तरी हा आकडा पुरा होत नाही. कोयना, वारणा आणि पंचगंगा एकाच वेळी भरून आल्या, की याच्या कितीतरी पट पाणी काही दिवस सलग हरिपूर आणि वाडी यांच्यामधल्या त्या छोट्या टप्प्यातून जायला बघते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोका पातळी आहे आणि 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेले. एवढे पाणी सपाट जमिनीवर आल्यावर ते रेंगाळणार, हे धरण नसतानाही खरे आहे.

आता "बदलले काय" या आपल्या प्रश्नाविषयी. वडिलांच्या आठवणीवर शंका घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. पूर्वी पाणी ज्या ओतांतून आणि ओढ्यांतून शिवारात पसरायचे आणि त्यांतूनच परत उतरायचे, त्यांतले बरेचसे बुजले आहेत. पुलांचे भराव वाढले आहेत. नदीकाठचा ऊस थेट पात्रापर्यंत आला आहे. खालच्या बंधाऱ्यांचे दरवाजे कधी उघडले जातात, हाही त्यातला एक भाग आहे आणि त्याबाबत दोन्ही राज्यांमध्ये पुराच्या काळात तासातासाला माहितीची देवाणघेवाण व्हावी, या मागणीशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त अलमट्टीची पातळी उद्या दोन मीटरने खाली आली, तर ब्रह्मनाळला केंदाळ उलटे चढायचे थांबेल, असे मला वाटत नाही.

माणदेशी

पुराची चर्चा वाचताना आम्हा आटपाडी, जतकडच्या लोकांची अवस्था जेवणाच्या पंगतीबाहेर उभे राहिल्यासारखी होते. म्हणून कृष्णेच्या नकाशाचा पूर्वेकडचा भागही नोंदवतो.

येरळा आणि अग्रणी या कृष्णेच्या डाव्या अंगाच्या नद्या पर्जन्यछायेत जन्मतात. येरळा खटावातून येते, अग्रणी खानापूर तालुक्यातून निघून तासगाव, कवठेमहांकाळमार्गे कर्नाटकात कृष्णेला मिळते. त्यांच्या पलीकडची माणगंगा तर कृष्णेकडे न येता भीमेला जाते. वर्षातला बराच काळ या नद्यांची पात्रे म्हणजे वाळू आणि वेडी बाभळ. सह्याद्रीच्या बाजूने येणाऱ्या नद्या आणि या नद्या एकाच खोऱ्यातल्या आहेत, हे नकाशा पाहूनच पटते.

आमच्यासाठी कृष्णा नळीतून येते. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या तीन उपसा योजनांनी नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलून वर आणले जाते. आपण ज्या उताराचे इतके वर्णन केले, तो उतार येथे विजेचे बिल भरून उलटा चढावा लागतो. आमच्या तलावात टेंभूचे पाणी पहिल्यांदा पडले, तेव्हा लोक नारळ, हळद-कुंकू घेऊन पाइपाच्या तोंडाशी गेले होते. माझ्या चुलतीने तेथेच नदीची ओटी भरली. नदी म्हणजे पाइपाचे तोंड, याचे तिला काही विशेष वाटले नाही.

पुराचे वाया जाणारे पाणी दुष्काळी भागात वळवावे, असे दर महापुरानंतर ऐकू येते. कल्पना चांगली आहे. परंतु येरळाकाठ यांनीच मांडलेला हिशेब पाहा. दिवसाला आठ-दहा टीएमसी वाहून जाणारे पाणी उचलायला किती पंप लागतील, आणि वर ते साठवायला आमच्याकडे किती तलाव आहेत? पुराचे दिवस मोजके असतात. आम्हाला पाणी लागते ते फेब्रुवारीनंतर.

कुरुंदवाड_घाट

वाडीच्या संगमाविषयी कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून थोडे.

नरसोबाची वाडी कृष्णा आणि पंचगंगा यांच्या बेचक्यात आहे, पलीकडच्या तीरावर औरवाड आणि पंचगंगेच्या दक्षिणेला आमचे कुरुंदवाड. दत्तपादुकांचे मंदिर घाटावर, नदीच्या अगदी जवळ आहे. पाणी वाढत जाऊन मंदिराच्या उत्तर दाराने आत येते, पादुकांवरून जाते आणि दक्षिण दाराने बाहेर पडते. तेथे स्नान करण्यासाठी जी गर्दी लोटते, तो दक्षिणद्वार सोहळा. पाणी याहून वर गेले, की उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. एखाद्या पावसाळ्यात हा सोहळा दोन-तीनदाही होतो, कारण पाणी उतरते आणि पुन्हा चढते. आमच्या आजीला फुटांचे आकडे कधीच कळले नाहीत. "पाणी पादुकांना लागले", "दक्षिणद्वार झाले", "देव वर गेले" या तीन पायऱ्यांवर तिचा सगळा पूर मोजला जायचा आणि देव वर गेले, की ती धान्याची पोती माळ्यावर चढवायला सांगायची. मोजपट्टी म्हणून ती वाईट नव्हती.

संगमाच्या भूगोलाचे दुसरे फळ म्हणजे क्षारपड जमीन. सपाट प्रदेश, खोल काळी माती, निचरा कमी आणि त्यावर उसाला बारमाही पाणी, यामुळे शिरोळ, मिरज आणि वाळवा भागात भूजल वर येऊन मातीत क्षार साठले. आमच्या काही शिवारांत उन्हाळ्यात पांढरी पापुद्र्यासारखी साय दिसते आणि तेथे ऊस तर सोडाच, गवतही धड उगवत नाही. अलीकडे जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करण्याचे काम काही गावांनी एकत्र येऊन केले आहे. एकट्याने केले तर उपयोग होत नाही, कारण निचऱ्याचे पाणी शेवटी शेजाऱ्याच्या शेतातूनच न्यावे लागते.

येरळाकाठ

धाग्यात आलेल्या दुरुस्त्यांवरून मी हाताने काढलेला नकाशा पुन्हा काढायला घेतला आहे. हेळवाकचा काटकोन आधी मी गोलाई देऊन काढला होता, तो आता सरळ केला. शिवसागरातून पोफळीकडे तुटक रेषा ओढली आणि ती वाशिष्ठीला जोडली. प्रयागला पाच रेषा एका बिंदूत आणून सोडल्या होत्या. त्या खोडून तुळशी वर नेली. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळपाशी उतारावर चढणारे बाण लाल शाईने काढले. शिरोळकरांसाठी राजापूर, हिप्परगी आणि अलमट्टी या तीन आडव्या रेघा कागदाच्या खालच्या कडेला मावेनात म्हणून आणखी एक कागद चिकटवला.

ब्रह्मनाळला येरळेच्या मुखाशी बराच वेळ पेन्सिल घेऊन थांबलो. शेवटी तेथे दोन्ही टोकांना अग्रे असलेला बाण काढला आहे.